विश्लेषण : मुलाला शेंगदाणा चालत नसेल, तर क्रूझ कशी निवडावी?

सुट्ट्या जवळ आल्या की श्रीगोंदा, काष्टी, बेलवंडीतल्या मोबाइलवरही आता मुंबई-गोवा क्रूझच्या जाहिराती झळकू लागतात. दोन-तीन रात्री जहाजावर मुक्काम, मुलांसाठी खेळ, मोठ्यांसाठी करमणूक आणि सगळे जेवण तिकिटातच. पण ज्या घरातल्या मुलाला शेंगदाणा, काजू, दूध किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्या घरासाठी ‘जेवण तिकिटातच’ हीच जाहिरातीतली सर्वात काळजीची ओळ असते. भर समुद्रात दुसरे हॉटेल नसते आणि रस्त्यापलीकडे दवाखानाही नसतो. मग अशा कुटुंबाने जहाजाची सहल करूच नये का? करायची तर जहाज, मार्ग आणि कंपनी कशी पारखावी?

हा विषय आत्ताच का?

क्रूझ ही परदेशी सहल राहिलेली नाही. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली, २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली. या दोन्ही सेवा टिकल्या नाहीत. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. पाठोपाठ २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता वर्षाला १० लाख प्रवाशांची आहे.

याचा अर्थ, पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणारी कुटुंबे वाढणार, आणि त्यातली अनेक मुंबई-पुण्याबाहेरची असणार. श्रीगोंद्याहून निघणारे कुटुंब पुण्यामार्गे सकाळीच मुंबई गाठते, तिकीट बहुधा पुण्यातल्या किंवा नगरच्या एजंटाकडून घेतलेले असते. जहाजाच्या स्वयंपाकघराशी त्यांचे थेट बोलणे कधी झालेलेच नसते. अडचणीची सुरुवात इथूनच होते.

‘पचत नाही’ आणि ‘अ‍ॅलर्जी’ यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. दूध प्यायले की पोट फुगते, जुलाब होतात, हे बहुधा दुधातली साखर न पचण्याचे लक्षण असते. त्रास होतो, पण सहसा जीव धोक्यात येत नाही. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती त्या पदार्थातल्या प्रथिनालाच शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. गंभीर प्रकारात घसा आवळतो, दम लागतो, रक्तदाब घसरतो. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. तो काही मिनिटांत वाढू शकतो आणि अगदी थोड्या मात्रेनेही येऊ शकतो.

म्हणून पहिला प्रश्न एजंटाला नव्हे, डॉक्टरांना विचारायचा असतो. मुलाला नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे? आधी कधी श्वासाचा त्रास झाला होता का? दमा आहे का? अन्नाची अ‍ॅलर्जी आणि आटोक्यात नसलेला दमा एकत्र असतील, तर धोका वाढतो. या उत्तरांवरच पुढची सगळी निवड अवलंबून आहे.

घरचे स्वयंपाकघर आणि जहाजाचे स्वयंपाकघर यांत काय बदलते?

आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट कुठे नसतो? साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, कोशिंबीर, ठेचा, काही भाज्यांचे रस. घरी आईला हे माहीत असते, म्हणून मूल सुरक्षित असते. जहाजावर ही माहिती शेकडो पदार्थ आणि अनेक स्वयंपाक्यांमध्ये वाटली गेलेली असते.

काही गोष्टी तर पाहूनही कळत नाहीत. पांढऱ्या किंवा लाल रश्शात काजू, मगज, खसखस असते. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर अनेकदा गहूही असतो. केक, पाव, आइस्क्रीम, चॉकलेट यांत दूध, अंडे आणि सुकामेवा यांची सरमिसळ नेहमीची. तेलाचेही तसेच. पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने अत्यल्प उरतात, पण घाण्याच्या तेलात ती राहू शकतात. ‘शेंगदाणा तेल आहे’ एवढे उत्तर म्हणूनच पुरत नाही.

त्याहून मोठा प्रश्न बुफेचा. पदार्थ निर्धोक असला, तरी शेजारच्या भांड्यातला चमचा त्यात पडतो. एकाच कढईत आधी काजू-पनीर पकोडे आणि मग बटाट्याचे काप तळले जातात. आइस्क्रीमचा एकच चमचा सगळ्या डब्यांत फिरतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी बुफे ही जहाजावरची सर्वात अवघड जागा आहे.

आणखी एक गैरसमज मोडायला हवा. ‘शाकाहारी’, ‘जैन’ किंवा ‘व्हेगन’ जेवण म्हणजे अ‍ॅलर्जीमुक्त जेवण नव्हे. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाबद्दल किंवा शेंगदाण्याबद्दल काहीच सांगत नाही. जैन जेवणात कांदा-लसूण नसतो, पण काजू असू शकतो. व्हेगन मिठाईत दूध नसते, म्हणून उलट बदाम-काजूच जास्त घातले जातात.

कायदा पालकांच्या बाजूने किती?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये खाद्यपदार्थ विकण्याच्या ‘जागे’च्या व्याख्येत वाहन आणि जहाज यांचाही उल्लेख आहे. म्हणजे पाण्यावर तरंगणारे उपाहारगृह आपोआप कायद्याबाहेर जात नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर आठ गटांतल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद करावी लागते : ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि झाडावरचा सुकामेवा, सोयाबीन, तसेच किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यसेवांनी मेन्यूवरही ही माहिती द्यावी, अशी तरतूद आहे. २०२२ पासून ती लागू झाली.

पण यादीतल्या उणिवा मराठी घरांनी लक्षात घ्याव्यात. भारतीय यादीत तीळ नाही. मोहरी नाही. हरभरा आणि बेसनही नाही, जरी भारतात हरभऱ्याची अ‍ॅलर्जी डॉक्टरांना परिचित आहे. तिळगूळ, चटणी, ब्रेड, हमस यांत तीळ असतो. फोडणीत मोहरी तर रोजचीच. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून मान्यता दिली. युरोपीय संघाच्या १४ घटकांच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. शिवाय युरोपीय बंदरातून निघणाऱ्या प्रवासी वाहतुकीतल्या जेवणालाही तो नियम लागू होतो.

तिळाचे महत्त्व जगाला एका दुर्घटनेने कळले. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापेरूझ या १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीने लंडनच्या विमानतळावर घेतलेल्या पावात तीळ होता. पाकिटावर त्याचा उल्लेख नव्हता. विमानात तिची प्रकृती बिघडली आणि तिचा मृत्यू झाला. त्यानंतर ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून पाकीटबंद केलेल्या अन्नावर सर्व घटक लिहिणे बंधनकारक केले. या घटनेतून क्रूझबद्दलही एक धडा मिळतो : वैद्यकीय मदतीपासून दूर असताना लेबलमधली एक गाळलेली ओळ फार महाग पडते.

जहाजावर डॉक्टर असतोच का?

असतोच असे गृहीत धरू नये. सागरी कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १०० किंवा अधिक माणसे घेऊन ७२ तासांपेक्षा जास्त काळाच्या आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असावा लागतो. मुंबई-गोवा-मुंबई ही दोन रात्रींची देशांतर्गत फेरी या वर्णनात बसत नाही. मोठ्या क्रूझ जहाजांवर दवाखाना सहसा असतो, पण ‘सहसा’ हा शब्द मुलाच्या जिवासाठी पुरेसा नाही. डॉक्टर चोवीस तास उपलब्ध आहे का, लहान मुलांवर उपचाराची सोय आहे का, अ‍ॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन आहे का, हे लेखी विचारावे.

भर समुद्रात रुग्णाला हलवायचे तर जहाजाचा कप्तान तटरक्षक दलाच्या मुंबईतील सागरी शोध व बचाव समन्वय केंद्राशी संपर्क साधतो. हेलिकॉप्टरने रुग्ण उतरवल्याची उदाहरणे आहेत. पण त्याला वेळ लागतो, हवामान लागते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमधली पहिली मिनिटे जहाजावरच निभावावी लागतात.

कोणता मार्ग निवडावा?

पहिल्या सफरीसाठी तीन निकष पुरेत : किनारा किती दूर, रात्री किती आणि जहाज किती भरलेले.

मुंबई-गोवा मार्ग कोकण किनाऱ्याला धरून जातो आणि गोव्यात मुरगाव बंदराजवळ मोठी रुग्णालये आहेत. लक्षद्वीपचे गणित वेगळे आहे. ही बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत, तिथल्या वैद्यकीय सोयी मर्यादित आहेत. आधी गंभीर प्रतिक्रिया येऊन गेलेल्या मुलासाठी पहिलीच सफर लक्षद्वीपची नसावी.

सिंगापूर किंवा युरोपातून निघणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर अ‍ॅलर्जीची नोंद करण्याची पद्धत जुनी आणि रुळलेली असते. फॉर्म भरून घेतला जातो, मुख्य वेटर दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्री दाखवतो. पण तिथे व्हिसा, विमानप्रवास आणि विमानातले जेवण हे नवे प्रश्न जोडले जातात. पद्धत चांगली असणे आणि घरापासून जवळ असणे, यातले काय महत्त्वाचे हे मुलाच्या अ‍ॅलर्जीच्या तीव्रतेवर ठरवावे.

दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या फेऱ्या टाळता आल्या तर उत्तम. गच्च भरलेल्या जहाजात स्वयंपाकघरावर ताण असतो आणि एका मुलाच्या वेगळ्या ताटाकडे लक्ष देणे अवघड जाते.

आणि त्याआधी एक रंगीत तालीम जमिनीवर करावी. एखाद्या हॉटेलात एक रात्र राहून, आधी कळवून, मुलाचे जेवण वेगळे मिळवता येते का ते पाहावे. समुद्र लागतो का हे पाहायचे, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट आहे. तासाभराच्या त्या प्रवासात बरेच कळते.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

क्रम महत्त्वाचा : आधी डॉक्टर, मग प्रश्न, मग लेखी उत्तर आणि शेवटी पैसे. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आगाऊ रक्कम भरल्यावर एजंट म्हणतो, ‘कळवून ठेवतो.’ तो निरोप जहाजाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून ई-मेल थेट कंपनीला करावा, एजंटाला प्रत पाठवावी. विचारायचे ते असे :

१. अमुक पदार्थाची गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला तुम्ही जेवण देता का? किती दिवस आधी कळवावे लागते?

२. त्याचे जेवण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात, वेगळ्या जागी बनते का? की फक्त तो पदार्थ वगळला जातो?

३. बुफेऐवजी टेबलावर वाढलेले जेवण तिन्ही वेळा मिळेल का?

४. जहाजावर रोज या विषयाची जबाबदारी कोणाकडे असेल?

५. मुलांच्या क्लबमध्ये खाऊ दिला जातो का? तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रतिक्रियेची लक्षणे ओळखता येतात का?

६. पाकीटबंद खाऊ सोबत आणता येईल का? खोलीत फ्रिज आणि गरम पाणी आहे का?

७. डॉक्टर, ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनॅलिन : हो की नाही?

८. डॉक्टरांनी ऐनवेळी प्रवास नको म्हटले, तर किती पैसे परत मिळतील?

‘काळजी करू नका, सगळं होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे. ‘आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा वापरला जातो, म्हणून शंभर टक्के खात्री देता येत नाही, पण आम्ही पुढील काळजी घेतो’ असे सांगणारी कंपनी अधिक विश्वासार्ह. प्रामाणिक मर्यादा सांगणारा माणूस मुलाची अ‍ॅलर्जी समजून घेतलेला असतो.

बॅगेत काय असावे?

औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठ्या बॅगा जहाजावर चढताना वेगळ्या घेतल्या जातात आणि खोलीत उशिरा पोहोचतात. जहाज सुटण्याच्या सुमारास सुरक्षा कवायत होते, तिथेही ही पिशवी सोबत असावी.

अ‍ॅनाफिलॅक्सिसवरचे पहिले औषध म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले. पाश्चात्त्य देशांत पालक पेनासारखे स्वयंचलित इंजेक्शन बाळगतात. आपल्याकडच्या औषध दुकानांत ते सहज मिळत नाही. काचेच्या कुपीतले औषध मिळते. ते किती भरायचे, कसे टोचायचे, हे बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष शिकून, लिहून घ्यावे. कुपी उजेड आणि उन्हापासून जपावी, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, म्हणजे सुरक्षा तपासणीत सुई-सिरिंजवरून अडचण येत नाही.

अ‍ॅलर्जीवरच्या नेहमीच्या गोळ्या खाज आणि गांधी कमी करतात. श्वास आणि रक्तदाब त्या सावरत नाहीत. ‘गोळी दिली आहे, बघू या’ म्हणून थांबणे ही सर्वात घातक चूक.

एक कार्ड करून घ्यावे : मुलाचा फोटो, नाव, टाळायचे पदार्थ, लक्षणे, औषध. मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीतही, कारण जहाजावरचे कर्मचारी देशोदेशीचे असतात. ‘शेंगदाण्याचा कूट’ हे त्यांना समजणार नाही, ‘दाण्याची पूड’ म्हणजे काय ते त्यांच्या भाषेत लिहिलेले हवे.

आणि बंदरापर्यंतचा प्रवास विसरू नये. श्रीगोंद्याहून मुंबईपर्यंतच्या वाटेवरचा ढाबा लेबलच्या नियमात बसत नाही. शेजारच्या सीटवर वाटली जाणारी शेंगदाण्याची चिक्की तर नाहीच नाही. त्या दिवसाचा डबा घरचाच बरा.

उलटी समुद्रामुळे की अ‍ॅलर्जीमुळे?

जहाजावरचा हा खास पेच आहे. समुद्र लागला की मूल मलूल होते, मळमळते, उलटी करते. अ‍ॅलर्जीची सुरुवातही उलटीने होऊ शकते. फरक ओळखायला सोबतची लक्षणे पाहावीत. खाल्ल्यावर थोड्याच वेळात उलटी, आणि तिच्याबरोबर गांधी, ओठांची सूज, आवाज घोगरा होणे, सततचा खोकला किंवा घरघर यांपैकी काही असेल, तर समुद्राला दोष देत बसू नये. समुद्र लागू नये म्हणून दिली जाणारी बरीच औषधे अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांच्याच जातीची आणि गुंगी आणणारी असतात. ती त्वचेवरची पहिली खूण झाकू शकतात. त्यामुळे ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

गंभीर लक्षणे दिसताच अ‍ॅड्रेनॅलिन द्यावे आणि जहाजाच्या दवाखान्याला कळवावे. मुलाला झोपवून पाय उंच ठेवावेत; दम लागत असेल तर बसू द्यावे. चालवत दवाखान्यात नेऊ नये, डॉक्टरांना खोलीत बोलवावे. ५ ते १५ मिनिटांत सुधारणा नसेल, तर दुसरी मात्रा लागू शकते, म्हणून कुपी एकच नको. बरे वाटल्यावर काही तासांनी लक्षणे पुन्हा उसळू शकतात, त्यामुळे लगेच पोहण्याच्या तलावावर परतू नये.

कंपनीने शब्द पाळला नाही तर?

लेखी ई-मेलचा उपयोग इथे होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनी मुंबईची असली, तरी श्रीगोंदेकराला अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. मात्र तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण असते.

मग जावे की नाही?

अ‍ॅलर्जी सौम्य आहे, नेमकी कशाची ते ठाऊक आहे, कंपनीचे उत्तर स्पष्ट आणि लेखी आहे, औषध सोबत आहे आणि ते देणारी दोन मोठी माणसे बरोबर आहेत, तर किनाऱ्याजवळची छोटी सफर नक्की करता येते. गेल्या काही महिन्यांत गंभीर प्रतिक्रिया आली असेल, दमा आटोक्यात नसेल, किंवा दोनदा विचारूनही कंपनीकडून उत्तर येत नसेल, तर यंदा थांबावे. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

यात मुलाचाही वाटा आहे. सात-आठ वर्षांचे मूल ‘यात शेंगदाणा आहे का?’ हा एक प्रश्न न लाजता विचारायला शिकू शकते. आपल्याकडे पंगतीत ताटातले नको म्हणणे उद्धटपणा समजला जातो. या मुलांना तेवढी मोकळीक घरानेच द्यायला हवी. क्रूझ असो, शाळेची सहल असो की गावातले लग्न, तो एक प्रश्नच त्यांना आयुष्यभर पुरणार आहे.